आमचें अकरा महिन्यांचें घर

मुंबईंत नोकरी आणि मुंबईबाहेर बिऱ्हाड, अशी विभागणी पुष्कळ कुटुंबांच्या वाट्यास आलेली आहे. परळची आमची जुनी चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी करावी लागली, तेव्हां बांधकाम करणाऱ्यांकडून मिळणारें मासिक भाडें तेथल्या तेथें दुसरी जागा घेण्यास पुरेना. म्हणून गेल्या वर्षीं आम्हीं उरण तालुक्यांत, न्हावा शेवा बंदरानजीकच्या द्रोणागिरी वसाहतींत, दोन खोल्यांचें बिऱ्हाड थाटलें. वडील फोर्टमध्यें एका कचेरींत कारकून आहेत. मी इकडे नववींत दाखल झालों.

माझ्या आजोबांस भाडें वाढतें हें जवळजवळ ठाऊकच नव्हतें. १९४७ सालच्या कायद्यानें मुंबईंतील जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या दरास बांधून ठेविलीं होतीं. त्यामुळें चाळींतील खोली मालकाची असूनही आमचीच वाटे. नव्या घराचा प्रकार अगदीं निराळा. येथें आपण भाडेकरू नव्हे, केवळ परवानाधारक! करार अकरा महिन्यांचा. अकराच कां, असें मीं वडिलांस विचारलें. तेव्हां कळलें कीं, एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणें १९०८ च्या नोंदणी कायद्यानें सक्तीचें आहे, आणि तो खर्च चुकविण्यासाठीं ही मुदत रूढ झाली. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें असा प्रत्येक करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी करून नोंदविणें आवश्यक केलें. म्हणजे कारण गेलें, अकरा महिने तेवढे राहिले. पालकवर्गानें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, ही नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि ती झालेली नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. दलालानें एक महिन्याचें भाडें दलाली म्हणून घेतलें, पण यांतील एक अक्षर आम्हांस सांगितलें नाहीं.

आमच्या घरमालकीणबाई जवळच्याच एका गांवच्या. आम्ही त्यांस आजी म्हणतों. त्यांच्या घरची भातशेती होती, खाडीच्या कांठीं मिठागर होतें. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं व पुढें बंदरासाठीं गांवोगांवच्या जमिनी संपादन झाल्या. योग्य मोबदल्यासाठीं लोक दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यांतूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. बंदर १९८९ मध्यें सुरू झालें; आजींच्या कुटुंबाच्या हातीं भूखंड येण्यास मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षें लागलीं. त्यावर इमारत उभी राहिली आणि तिच्यांतील तीन घरें त्यांच्या वाट्यास आलीं. त्यांपैकीं एकांत आम्ही राहतों. ‘आमचं शेत आतां कंटेनरांच्या खालीं हाय,’ असें त्या एकदां सहज म्हणाल्या, आणि मला परळच्या खोलीची आठवण झाली, कारण तिच्या जागींही सध्यां खड्डाच आहे. मात्र आमच्या खड्ड्यांतून घर वर येणार आहे. त्यांचें भात येणार नाहीं.

वडिलांचा प्रवास हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. १२ जानेवारी २०२४ रोजीं एकाच दिवशीं शिवडी ते न्हावा शेवा या सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें आणि खारकोपर ते उरण या लोहमार्गाचें उद्घाटन झालें. सेतूवरून मोटार वीस मिनिटांत पलीकडे जाते म्हणतात. पण तिला एका खेपेचा पथकर २५० रुपये ठरला, आणि मुळांत आमच्यापाशीं मोटार नाहीं. आगगाडीनें जावें तर नेरूळ किंवा बेलापूर येथें गाडी बदलावी लागते, आणि संध्याकाळीं एक गाडी हुकली कीं आमचीं ताटें झांकून ठेवावीं लागतात. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यास जाणारी लाँच सर्वांत रमणीय खरी, परंतु ओहोटी लागली म्हणजे गाळामुळें तिचाही भरंवसा नसतो.

सेतु झाल्यापासून इकडील भाडीं चढूं लागलीं आहेत. चैत्रांत आमचे अकरा महिने भरतील. आजींनीं दहा टक्के वाढ मागितली, तेव्हां आईचा चेहरा उतरला. तो पाहून त्या म्हणाल्या, ‘बाय, शेत असतं तर मागितलं नसतं. आतां माझं भात हेंच.’ यावर आईस उत्तर सुचलें नाहीं, मलाही सुचलेलें नाहीं. त्यांचा नातू बंदरांत कंत्राटी कामावर आहे, आणि ते काम करारावर चालतें हें आम्हांस ठाऊक आहे. वडिलांनीं सुचविलें आहे कीं, करार एकदम तीन वर्षांचा करावा आणि दरसालची वाढ आतांच ठरवून टाकावी, म्हणजे मला दहावीच्या वर्षीं शाळा बदलावी लागणार नाहीं. आजी मुलास विचारून सांगणार आहेत.

भिंतींत खिळा ठोकूं नये अशी करारांत अट असल्यामुळें आजोबांची तसबीर आल्या दिवसापासून कपाटावर टेकून उभी होती. परवां आजींनीं ती पाहिली आणि खुशाल खिळा ठोका म्हणून सांगितलें. करारांत तशी दुरुस्ती मात्र अजून झालेली नाहीं, म्हणून वडील थांबले आहेत.