सावित्रीचे दोन काठ

बागमांडल्याच्या धक्क्यावर आम्ही फेरीबोटीची वाट पाहत होतो. बरोबर अम्मी आणि आठवीतली माझी लेक. लेकीला शाळेत नवा इंग्रजी शब्द मिळाला होता, 'कन्टर्मिनस'.

"अब्बा, दोन जागांची हद्द एकच असली की त्या कन्टर्मिनस. हा काठ रायगड, तो रत्नागिरी. मधे ही खाडी."

शब्द मलाही नवाच. टर्मिनस मात्र मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. गाडी संपते ते ठिकाण. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हद्द. तिथे 'सह' जोडला की झाला हा शब्द. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना 'लगत' म्हणतात. मला तोच बरा वाटतो. त्यात आधी शेजार ऐकू येतो, हद्द नंतर.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. १९४८ पर्यंत ही खाडी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानाची दक्षिण सीमा होती. समोरचं बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे. तिथल्या किल्ल्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. म्हणजे श्रीवर्धनची मुलगी बाणकोटला दिली की ती एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जायची. सोयरिकी काही थांबल्या नाहीत. माझी खालाही तिकडेच दिलेली.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, इशानंतर, खालाच्या इंतकालचा फोन आला. फेरी बंद झाली होती. रस्त्याने जायचं तर म्हसळा, आंबेतचा पूल, म्हाप्रळ, मंडणगड आणि मग परत समुद्राकडे बाणकोट. त्या पावसात गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. आम्ही पोचलो तेव्हा जनाजा घरातून निघाला होता. अम्मीला बहिणीचा चेहरा पाहता आला नाही. घरात तिने कोणाला बोल लावला नाही, पण त्यानंतर बाणकोटचं नावही काढलं नाही. या वेळी खालाच्या नातीचं लग्न, म्हणून निघाली.

बोट सुटली. लेक दादीला शब्दाचा अर्थ समजावत होती. अम्मीने ऐकून घेतलं, मागचा काठ पाहिला, पुढचा पाहिला.

"एवढंसं तर पाणी आहे," ती म्हणाली.

वेसवीला फळी खाली आली. आधी मोटारसायकली उतरल्या. धक्क्यावर खालाची थोरली मुलगी छत्री घेऊन उभी होती. अम्मीने माझा हात सोडला आणि तिचा धरला.