आपल्या निवेदनात शाळेतला संडास का नाही?

क्रांती चौकात आपण शिष्यवृत्तीसाठी बसलो, वसतिगृहांसाठी बसलो, अत्याचाराविरुद्ध मोर्चे काढले. या मागण्या रास्तच आहेत. पण आठवी ते दहावीची आपली मुले-मुली शाळेतला दिवस कसा काढतात, हा प्रश्न निवेदनात येत नाही.

वस्त्यांत काम करताना आम्ही दोघांचेही ऐकतो. मुली सांगतात, संडासाला कडी नाही, आत पाणी नाही. म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. पाळीच्या दिवसांत घरीच. वाटेत कुणी छेड काढली तरी घरी सांगता येत नाही. सांगितले की शाळा बंद आणि स्थळे बघायला सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती.

मुलगे त्रास सांगत नाहीत. मार, आडनावावरून टोमणे, वर ‘मुलगा असून रडतोस?’ मग तो त्रास मारामारीतून बाहेर पडतो. पुढे शाळा सुटते आणि पोरगा गॅरेजवर लागतो. शाळा मुलीला ‘शांत’ म्हणते, मुलाला ‘टवाळ’ म्हणते. ऐकत कुणाचेच नाही.

2018 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय पाहणीत जवळजवळ सगळीकडे मुलींना अपयशाची भीती जास्त आढळली, तर दांडगाई मुलग्यांना जास्त सोसावी लागत होती. भारत त्या पाहणीत नव्हता. आपल्याकडे या फरकावर जातीचा भार आणखी पडतो.

कुणी म्हणेल, आधी जातीचा प्रश्न, मग मुलींचा. बाबासाहेबांनी 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने 1855 साली मांग-महारांचे दुःख मांडले, त्यातच उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हालही सांगितले. तिने हे दोन प्रश्न वेगळे केले नाहीत. आणि तिच्या शाळेने तिला बोलू दिले.

मार्च 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळांत सखी सावित्री समिती असायला हवी. मित्रांनो, मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या शाळेत जा. समितीची शेवटची बैठक कधी झाली, विचारा. संडासाची कडी लावून बघा. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराशी बोला. पुढचे निवेदन त्यांना विचारून लिहू.

जय भीम!