नगरचा जन्म, स्लायगोचा हक्क

भिंगारच्या बाजारपेठेला लष्कर नवे नाही. छावणीच्या शेजारी दुकान चालविणाऱ्या घरांनी कितीतरी पलटणी येताना व जाताना पाहिल्या आहेत. पलटण हलली की उधारीची वही मिटते. तिच्याबरोबर गेलेल्या मुलाबाळांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

१६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे अशाच एका लष्करी कुटुंबात स्पाइक मिलिगन यांचा जन्म झाला. बीबीसीवरील ‘द गून शो’चे लेखक व नट म्हणून ते पुढे विख्यात झाले. वडील लिओ ब्रिटिश भारतीय सैन्यात होते. त्यांचे जन्मगाव आयर्लंडमधील स्लायगो. मुलाचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. दुसऱ्या महायुद्धात तोही ब्रिटनच्या तोफखान्यात लढला आणि १९४४ साली इटलीत जखमी झाला.

बाप-लेकांनी एवढी चाकरी करूनही १९६२ चा राष्ट्रकुल स्थलांतरितांविषयीचा कायदा आला तेव्हा ब्रिटिश पासपोर्टवरील मिलिगन यांचा सहज हक्क राहिला नाही. त्यांचा स्वतःचा जन्म भारतातला, आणि वडिलांचे गाव १९२२ मध्ये ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या आयर्लंडात. लिओ जन्मले तेव्हा स्लायगोवर ब्रिटनचेच राज्य होते. सीमा मागाहून सरकली. निष्ठेची शपथ घेण्यास मिलिगन यांनी नकार दिला, असे सांगतात. युद्धात रक्त सांडलेल्या माणसाने तो दिला नसता तरच नवल! मात्र आयर्लंडात जन्मलेल्याचे अपत्य कोठेही जन्मो व कितीही वयाचे असो, तेथील कायदा त्याला आपले मानतो. त्या वाटेने ते १९६२ मध्ये आयरिश नागरिक झाले. २००१ साली ब्रिटनने त्यांना नाइटहूड दिली, तीही परकीयाला देतात तशी मानद.

ब्रिटनच्या गुरखा सैनिकांची कथा याहून कठीण आहे. १ जुलै १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांपैकी किमान चार वर्षे सेवा केलेल्यांना तेथे स्थायिक होण्याची मुभा मिळाली ती २००९ मध्ये. तोवर त्यांची मुले सज्ञान झाली होती. बापाला वेळेवर परवानगी मिळती, तर ती अजाण वयातच त्याच्याबरोबर गेली असती. २०१५ पासून १८ ते ३० वर्षांच्या मुलांसाठी दार किलकिले झाले. पण मूल आई-वडिलांवर अवलंबून असल्याचे पुरावे द्यावे लागतात, आणि तिशी ओलांडलेल्यांना ही सवलत नाही.

परदेशी मुले-नातवंडे असलेल्या व्यापारी घरांनी आपल्याकडील नियमही पाहावा. भारतीय नागरिकाचे परदेशात जन्मलेले मूल एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवावे लागते. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. तेथील सैन्यात नोकरी केलेल्यास, निवृत्तीनंतरही, ओसीआय कार्ड मिळत नाही.