जेडच्या माहेरी

गॅलरीत किंवा जिन्यात ठेवलेलं जेडचं रोप तुम्ही पाहिलं असेलच. तांबूस खोड आणि नखाएवढी गुबगुबीत पानं. खरं तर नर्सरीत दोन निरनिराळ्या झाडांना जेड म्हणतात. एकाची पानं मोठी, दुसऱ्याची बारीक. दोघांचंही माहेर दक्षिण आफ्रिका! पहिलंवहिलं बोन्साय करायला बारीक पानांचं जेड सोपं, म्हणून आज त्याच्याच गावी जाऊ.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात अ‍ॅडो नावाचं हत्तींचं अभयारण्य आहे. १९३१ साली ते स्थापन झालं, तेव्हा तिथं जेमतेम ११ हत्ती उरले होते. आज सहाशेहून अधिक आहेत. आणि हे हत्ती खातात काय? आपलं जेड! तिकडे त्याला 'स्पेकबूम' म्हणतात. माणसाच्या डोक्यावर जाणारी, गच्च झुडपं. कोरड्या दिवसांत हे झाड रात्री हवा आत घेतं आणि आम्ल बनवून पानांत साठवतं. त्यामुळे पानं सकाळी जास्त आंबट लागतात. (तुम्ही मात्र कुंडीतली पानं चाखू नका हं! नर्सरीत औषध फवारलेलं असतं.)

आता खरी गंमत ऐका. हत्ती झाड वरून खातो. शेंडे गेले की झाड आडवं पसरतं, खालच्या फांद्या जमिनीला टेकतात आणि तिथं मुळं धरतात. सोंडेतून पडलेली फांदीसुद्धा रुजते. शेळ्या मात्र खालून चरतात. टेकलेल्या फांद्याच फस्त! लोकरीसाठी पाळलेल्या अंगोरा शेळ्यांनी या भागातली केवढी तरी रानं उजाड केली. सावली गेली, जमीन तापली, मग रान आपोआप परत येईना. म्हणून २००४ मध्ये तिथं सरकारी कार्यक्रम सुरू झाला. काम काय, तर फांद्या कापायच्या आणि थेट जमिनीत खोचायच्या!

तुम्हाला कुंडीत नेमकं हेच करायचंय. वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवा. कापलेलं टोक सुकलं नाही तर कुजतं. भोकाच्या कुंडीत माती, तेवढीच जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर शेणखत घालून त्यात फांदी खोचा. मुळं आली का, हे उपटून बघणारे वीर घरोघरी असतात. तसं करू नका! नवी पानं फुटली की समजायचं.

रोप जोमात वाढू लागलं की कात्री हातात घ्या. ही तुमची सोंड. पानं समोरासमोर जोडीनं असतात. जोडीच्या जरा वर शेंडा कापला की दोन्ही बगलांतून फांद्या फुटतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तार गुंडाळायची घाई नको, मऊ खोडात ती रुतते. पाचवीत लावलेली फांदी तुम्ही दहावीत जाल तेव्हा छोट्या वृक्षासारखी दिसू लागेल.

ऊन भरपूर द्या. पाणी मात्र माती कोरडी झाल्यावरच. अ‍ॅडोला पाऊस थोडा, तोही वर्षभर विखुरलेला. आपल्यासारखी जुलैची झड तिथं नाही. तेव्हा पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्या. पानं सुरकुतली तर झाडाला तहान लागलीय. पिवळी पडून पटापट गळू लागली, तर घरातलं कुणीतरी गुपचूप पाणी घालतंय. बहुतेक आजी!