पान्हा

"बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? नंतर दूध आलं होतं का?"

डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि मला रडू फुटलं. मुलगी तेव्हा सहावीत होती. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

बाळंतपण तालुक्याच्या गावी झालं. वार पडली, पण रक्त थांबेना. चार बाटल्या रक्त चढवलं. वाचले.

पण पान्हा फुटला नाही. तिसऱ्या दिवशी छाती दाटते, ताप येतो, असं आईने सांगून ठेवलं होतं. माझी छाती होती तशीच मऊ. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, मेथीचे लाडू केले, शतावरी आणली. मी सगळं खाल्लं. पोर ओढून ओढून थकायची आणि किंचाळायची, मग ह्यांनी पावडरचं दूध कालवायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. बाराव्या दिवशी, बारशाच्या बायका जमलेल्या असताना, सासूबाई म्हणाल्या, "पोरीला मनापासून जवळ घेतलं तर पान्हा फुटेल ना!" मी पाळण्याची दोरी धरून उभी होते. कोणीच काही बोललं नाही. माझी आईसुद्धा. आईचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं. रात्री मी खरंच स्वतःला विचारायचे, माझी माया कमी पडते का?

पाळी परत आलीच नाही. "काहींची लवकर जाते," म्हणाले. काखेतले केस गेले, भुवया विरळ झाल्या, मे महिन्यात मी शाल घेऊन बसायचे. थायरॉइड तपासला, टीएसएच 2.6. नॉर्मल. साध्या तापाने दोनदा ॲडमिट झाले, एकदा सोडियम 114 वर आलं होतं. सलाइन लावलं, बरी झाले, घरी आले. मग डोक्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

शेवटी सोलापूरला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. एंडोक्रायनॉलॉजिस्ट. एमडीनंतर आणखी तीन वर्षं फक्त ग्रंथींचा अभ्यास केलेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, आधी माझे हात बघितले, भुवया बघितल्या आणि मग तो प्रश्न विचारला. सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि टी-फोर करायला सांगितलं. दोन्ही तळाला.

"ताई, टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरीने थायरॉइडला दिलेला हुकूम. हुकूम देणारीच आजारी असेल तर त्या आकड्यावर कसं विसंबायचं?" गरोदरपणात ही वाटाण्याएवढी ग्रंथी वाढते, तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात एकदम फार रक्तस्राव झाला तर ती सुकू शकते. दूध उतरवणारं हार्मोनही तिचंच. शीहान सिंड्रोम. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरने 1937 साली ते लिहून ठेवलंय. 1937! आणि मला डोक्याच्या गोळ्या.

आधी हायड्रोकॉर्टिसोन, काही दिवसांनी थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकतं. "स्टेरॉइड आहे, सोडून दे," असं सांगणारे नातेवाईक भेटलेच. ज्यांना ही स्टेरॉइडची गोळी आयुष्यभराची आहे त्यांनी कोणाचं ऐकून ती बंद करू नये. तापात तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस दुप्पट करायचा असतो. आणि बाळंतपणात खूप रक्त गेलं असेल, दूध आलं नसेल, पाळी परतली नसेल, तर कुठल्याही डॉक्टरला हे आपणहून सांगा. ते विचारतील म्हणून थांबू नका.

गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. भाकरी खाल्ली आणि दुसरी मागितली. हे बघतच राहिले.

बाळंतपण केलेल्या डॉक्टरांवर मी फार दिवस चिडून होते. पण त्या रात्री रक्तासाठी त्यांनीच स्वतःची गाडी जिल्ह्याला पिटाळली होती, हे ह्यांनी मला आत्ता सांगितलं. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं?

सासूबाई निदानाच्या दोन वर्षं आधीच गेल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण रिपोर्ट हातात आला त्या संध्याकाळी मी तो त्यांच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचला होता. सगळा. आकड्यांसकट.