फिरतीची तीन वर्षे

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. कोण तहसीलदार झाला, कोण प्राध्यापक झाला, कोणती मुलगी परिचारिका म्हणून परदेशी गेली, हे सारे मी आनंदाने टिपून घेत होतो. तशातच बसस्थानकावर आपल्या वसतिगृहाचा एक जुना विद्यार्थी भेटला. खांद्याला जड काळी बॅग, पायांत चकचकीत बूट, चेहऱ्यावर दिवसभराचे ऊन. ‘जयभीम सर’ म्हणाला. काय करतोस, असे विचारताच त्याची नजर खाली गेली. “काही विशेष नाही सर. औषध कंपनीत फक्त एम. आर. आहे. यादीत माझे नाव घालू नका.”

त्या ‘फक्त’ने मला रात्रभर झोपू दिले नाही, कारण त्या शब्दाआड मीही तीस वर्षे लपलो आहे. माझ्या परिचयपत्रात १९९२ साली एम. ए. झाल्याची नोंद आहे आणि त्यानंतर एकदम १९९५ सालची शिक्षकाची नेमणूक येते. मधली तीन वर्षे मी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वसाहतींतून घरोघर फिरून पाण्याचे फिल्टर विकले. ही गोष्ट या शाळेतील माझ्या सहकाऱ्यांनाही ठाऊक नाही. इतिहासात पदव्युत्तर पदवी घेतलेला मनुष्य दारोदार घंटी वाजवीत हिंडला, हे सांगण्याची मला लाज वाटत असे.

तो फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी स्टीलची दोन भांडी. वरच्या भांड्यात चिनी मातीच्या दोन कँडल, खालच्याला नळ. महिन्याला तुटपुंजा पगार आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे कमिशन. रोज सकाळी कार्यालयात बैठक होई. तिथे साहेब आम्हाला टाळ्या वाजवायला लावीत, ‘मी करू शकतो’ असे मोठ्याने म्हणायला लावीत. त्या आरोळीचा उत्साह पहिल्या बंद दारापर्यंत टिकत असे. दुसऱ्या दारापर्यंत टिकल्याचे मला आठवत नाही. विक्रीच्या क्षेत्रातील आपल्या मुलांना आजही अशीच भाषणे ऐकवली जातात. ती निरुपद्रवी आहेत, पण त्यांनी कोणाला धंदा शिकवल्याचे मी पाहिलेले नाही.

मला धंदा शिकवला तो आमच्यातल्या एका वयस्कर विक्रेत्याने. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. सातवीपर्यंत शिकलेला तो मनुष्य रोज रात्री वही लिहीत असे: कोणत्या गल्लीत गेलो, कोणी दार उघडले, काय विचारले, मी काय उत्तर दिले, नकार नेमका कोणत्या वाक्यानंतर आला. पंधरा दिवसांनी मागची पाने वाचायची आणि स्वतःची चूक स्वतःच शोधायची. त्यांच्या सांगण्यावरून मीही वही घातली. पहिल्याच महिन्यात ध्यानात आले की मी फार बोलतो. गृहिणी विचारते, कँडल किती दिवस टिकेल. आणि मी तिला जलजन्य रोगांवर व्याख्यान देतो! पदवीधराचा हा रोग जायला चार महिने लागले. काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. मालाची उणीव आपण आधी सांगावी. कँडल मऊ ब्रशने साध्या पाण्यात घासावी, साबण लावू नये. तिला केसाएवढी चीर गेली तरी ती बदलावी. पावसाळ्यात पाणी उकळून मगच फिल्टरमध्ये ओतावे. हे ऐकून काही गिऱ्हाइके परत जात, पण राहत ती आपल्या शेजारणीलाही घेऊन येत.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. पण तो वगळायचा तर हा लेखच नको.

एका चांगल्या वसाहतीत एका बाईंना मी फिल्टर दाखवला. माझ्या हाताने पाणी ओतले, गाळून पेला भरला, तो टेबलावर ठेवला. बाईंना वस्तू पसंत पडली. आगाऊ रक्कम आणायला त्या उठल्या आणि जाता जाता सहज विचारले, “आडनाव काय म्हणालात?” मी सांगितले. बाई थांबल्या. “ह्यांना विचारून कळवते,” एवढेच म्हणाल्या. आवाज चढला नाही, अपमानाचा एक शब्दही नाही. टेबलावरचा पेला मात्र तसाच राहिला. पाणीच होते ते. महाडला २० मार्च १९२७ रोजी काय घडले, हे मी पुढे वर्गात अनेकदा शिकवले; दर वेळी तो पेला डोळ्यांसमोर येतो.

दुसऱ्या दिवसापासून मी आडनाव बदलले. एका दुकानाच्या पाटीवर वाचलेले आडनाव सांगू लागलो, पावतीवरही तेच लिहू लागलो. विक्री वाढली. दोन महिन्यांनी कंपनीने मला मनगटी घड्याळ बक्षीस दिले. वही लिहिणे मात्र मी त्याच सुमारास थांबवले. तिथे खरे काय लिहिणार?

मग एके दिवशी कारकुनाने हसत हसत एक पावती माझ्यापुढे धरली. एक म्हातारी बाई माझ्या त्या खोट्या आडनावाची चौकशी करीत कार्यालयात आली होती. असा कोणी माणूस इथे नाही, असे सांगून तिला दोनदा परत पाठवले होते. तिसऱ्या खेपेला तिने पावती आणली, तेव्हा पुस्तकाच्या क्रमांकावरून माझा पत्ता लागला. तिच्या फिल्टरची कँडल चिरली होती. मीच बजावले होते, चीर दिसली की मला बोलवा. महिनाभर तिच्या घरात ते न गाळलेले पाणीच चालू होते आणि घरात लहान नातू होता.

त्याच संध्याकाळी मी पदरच्या पैशाने दोन्ही कँडल घेऊन गेलो. त्या बसवून, वायसर घट्ट करून मी आजींना माझे खरे नाव सांगितले आणि ते का लपवले तेही सांगितले. आजींनी माझ्याकडे पाहिले. “मग आधीच सांगायचं ना बाळा. माझ्या दोन खेपा वाचल्या असत्या.” एवढे बोलून त्यांनी नळाखाली पेला धरला, पाणी घेतले आणि त्या प्यायल्या.

पुढे अंगुत्तर निकाय वाचताना तिकनिपातात पापणिक सुत्त भेटले. तथागतांनी तिथे दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत: तो चक्खुमा असतो, विधुर असतो, निस्सयसंपन्न असतो. (मराठीतल्या विधुराशी त्या शब्दाचा संबंध नाही, मुले हसतात म्हणून दर वेळी सांगावे लागते.) माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला तर किती सुटेल, हे दिसणे म्हणजे डोळा असणे. घेण्याविकण्यातले कसब हा दुसरा गुण. तिसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. हा मनुष्य घर पोसील आणि आपले पैसे वेळोवेळी फेडील, अशी ज्याची ओळख आहे, त्याला धनिक आपण होऊन भांडवल देऊ करतात. त्याच्या शेजारचे सुत्त सांगते की जो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात मन घालीत नाही, त्याची संपत्ती वाढत नाही. भिक्खूंना साधना समजावण्यासाठी तथागतांनी दृष्टान्त घेतला तो दुकानदाराचा, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. तपस्सु आणि भल्लिक हे पहिले दोन उपासक व्यापारीच होते. कार्ल्याच्या चैत्यगृहावर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. आपले नाव, गाव आणि धंदा त्याच्या लेखात दगडावर कोरलेला आहे. आणि मी साध्या पावतीवर नाव लिहायला भ्यालो.

अर्थात, भीती काही हवेतून आली नव्हती. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर खुद्द बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञाची ही गत झाली, तिथे माझी काय कथा! पण त्यांनी पेढीच्या पाटीवर दुसऱ्याचे नाव लावले नाही.

खऱ्या नावाने पुन्हा उभे राहिल्यावर माझी विक्री घटली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सहा महिन्यांनी ती पूर्वपदावर आली, तीही बहुतांशी आजींच्या गल्लीतून. वही पुन्हा सुरू केली होती. शिक्षक झाल्यावरही ती चालू आहे. कोणता तास का फसला, हे त्यात असते. ते घड्याळ मी कधी घातले नाही.

परवा त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, कंपनीचे नाव नको; हुद्दा घाला.” यादी आता छापखान्यात गेली आहे. त्याच्या नावापुढे ‘वैद्यकीय प्रतिनिधी’ असे लिहिले आहे. शिक्षकांच्या परिचयात माझ्या नावापुढे, १९९२ आणि १९९५ यांच्या मध्ये, ‘घरोघरी फिल्टर विक्री’ एवढी एक ओळ वाढली आहे.