संत्र्याचा रोट

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्या घरी संत्र्याचा रोट भाजला जात होता. फेब्रुवारी अर्धा सरला होता आणि मृग बहाराची संत्री बाजारात आली होती. काय लिहावे, हा प्रश्न त्या वासानेच सोडवला. जी गोष्ट इतकी वर्षे मनात राहिली, ती शाळेच्याच पानांवर लिहावी, हे मला उचित वाटते.

माझी माय काटोलकडच्या बागांमध्ये संत्र्याच्या तोडणीला जात असे. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु बागेत राबणाऱ्या हातांना त्या फळाचे मोल फार आधीपासून ठाऊक होते. तोडणी झाली की फळांची निवड होते. मोठे, रंगदार फळ पेट्यांत जाते आणि बारीक, आंबट फळ ‘चुरी’ म्हणून बाजूला पडते. त्या चुरीतली थोडी मजुरांना घरी नेता येई. त्याच बागेत मायला पाणी मात्र वरून, ओंजळीतच मिळत असे.

मी सातवीत होते. भेटीच्या रविवारी मैत्रिणींचे पालक चिवडा, लाडू, बिस्किटांचे पुडे घेऊन येत. त्या रविवारी माय आली ती डोक्यावर चुरीचे पोते घेऊन. पोत्याचे तोंड तिने जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने बांधले होते. “साऱ्या पोरीयले वाट वं,” एवढे सांगून ती एसटी गाठायला निघाली. मी ते पोते माझ्या पत्र्याच्या पेटीमागे लोटले आणि वर चादर टाकली. मला त्या बारीक फळांची लाज वाटली. खरे सांगायचे तर लाज फळांची नव्हती. माझी माय काय काम करते, हे त्या पोत्यावरून साऱ्यांना कळेल याची होती.

संत्र्याचा वास मात्र चादरीखाली दडत नाही. दुपारी स्वयंपाकघरातल्या मावशी आमच्या खोलीत आल्या आणि सरळ माझ्या पेटीपाशी थांबल्या. “ही कोणाची?” त्यांनी विचारले. कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही. मावशींनी एक फळ सोलून चाखले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आंबट आहे. नुसते खाववणार नाही. याचा रोट करू.”

मावशींनी तरुणपणी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम केले होते. तिथे केक होताना त्यांनी पाहिला होता. आपल्याकडे ना भट्टी, ना लोणी, ना अंडी. त्यांनी जर्मनची दोन मोठी पातेली काढली आणि तळाशी रेती पसरून ती चुलींवर तापत ठेवली. आम्हां मुलींना त्यांनी दोन कामे दिली. पहिले, अखंड फळाची साल हलक्या हाताने किसणे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ सोलल्यावर ती किसता येत नाही, आणि किसणी जोरात लागली तर पांढरा भाग येऊन कडवटपणा उतरतो. दुसरे, बी न चिरडता रस काढणे. हा रस ठेवून दिला तर कडू होत जातो, म्हणून तो अगदी शेवटी काढायचा.

कणीक, गूळ, तेल, मीठ आणि खाण्याचा सोडा परातीत एकत्र झाला. रस ओतताच पीठ फसफसून वर आले. आम्ही ओरडलो. मावशी म्हणाल्या, “आता थांबायचे नाही आणि फार ढवळायचेही नाही.” आंबट रस आणि सोडा भेटले की वायू सुटतो, तो निघून जाण्याआधी पीठ आचेवर गेले पाहिजे. फार घोटले तर रोट चिवट होतो. हे रसायन मी पुढे पुस्तकात शिकले. पाहिले मात्र त्या परातीत. तेल लावलेल्या डब्यांत पीठ घालून डबे तापल्या रेतीवर ठेवले, पातेल्यांवर झाकणे घातली आणि झाकणांवर इंगळ पसरले.

संध्याकाळी वंदनेला बसलो. पंचशीलातले चौथे शील आले आणि माझा आवाज थांबला. खोटे मी बोलले नव्हते. पण मौनही खोटे असू शकते, हे त्या दिवशी मला कळले. डोळे उघडले तेव्हा शेवटच्या ओळीत माय हात जोडून बसली होती. तिची एसटी चुकली होती.

पंगत बसली. मुलींच्या शेजारी शिक्षिका आणि त्यांच्या शेजारी माय, एकाच पट्टीवर. मावशी रोट कापत म्हणाल्या, “संत्री कोणाच्या घरची, ते समजले नाही. ज्याने दिली त्याचे मंगल होवो.” मायने दाराशी घडी घालून ठेवलेल्या पोत्याकडे पाहिले. त्यावर हिरवा काठ होता. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. ती काहीच बोलली नाही. तिचे ते गप्प राहणे मला सोसवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, “माझ्या मायने आणली. मी लपवली होती.”

कोणी हसले नाही. माय गडबडीने म्हणाली, “चुरी होती जी ते, आंबट.” मावशींनी पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. “आंबट होती, म्हणून तर फुगला, बाई.”

आज मी तोच रोट घरी करते. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, वाटीभर ताजा रस, दोन संत्र्यांची किसलेली साल, अर्धा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ. ओव्हनमध्ये 180 अंशांवर सुमारे 40 मिनिटे. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली की झाला. यीस्ट नको, रात्रभर पीठ ठेवणे नको. गोड संत्र्यांचा केला तर तितका फुगत नाही. म्हणून मी बाजारात अजूनही चुरीच शोधते.

मायचे दात आता उरले नाहीत. ती रोट चहात बुडवून खाते. त्या दिवसाविषयी ती कधी बोलली नाही, मीही विचारले नाही. मावशी आज आपल्यात नाहीत. आपल्या शाळेने मला पुष्कळ दिले. त्यातले सर्वांत मोठे म्हणजे त्या पंगतीत उभे राहून स्वतःच्या आईचे नाव सांगण्याचे बळ. यंदाच्या मेळाव्याला मी रोट घेऊन येईन. तुकडे मुलींच्या संख्येइतकेच करीन. आणि जिच्या घरून पोते आले असेल, तिच्या मायला पहिला देईन.

सर्वांना सप्रेम जयभीम.